मुक्त आज्ञावलीची सुलभ मांडणी : 'ब्लेंडर'चा लोकसहभागी प्रयोग

गावात सार्वजनिक विहीर बांधली आणि ती सर्वांसाठी खुली असल्याचा ठराव ग्रामसभेने केला, परंतु विहिरीला पायऱ्याही नाहीत आणि रहाटही नाही, तर त्या खुलेपणाचा लाभ कोणाला होईल? ज्याच्या अंगी खोल पाणी शेंदण्याचे बळ आहे, त्यालाच. वृद्ध, बालके आणि नवखी माणसे काठावरून पाणी पाहून परत फिरतील. विहिरीवरील हक्क सर्वांचा असला तरी पाणी मात्र थोड्यांचेच राहील.

संगणकाच्या क्षेत्रातील 'मुक्त स्रोत' आज्ञावलींच्या बाबतीत हा अनुभव अनेकदा आलेला आहे. अशा आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही पाहता येते, अभ्यासता येते, बदलता येते आणि तिच्या प्रती इतरांना देता येतात. तिच्यासाठी परवानाशुल्क द्यावे लागत नाही. परंतु पडद्यावर ती उघडल्यानंतर कोठून सुरुवात करावी हेच नवशिक्याला उमजले नाही, तर हा हक्क कागदावरच राहतो. त्रिमितीय प्रतिरूपे तयार करणाऱ्या 'ब्लेंडर' या मुक्त आज्ञावलीपुढे हाच प्रश्न दीर्घकाळ उभा होता. तिच्या वापरकर्त्यांनी आणि विकासकांनी मिळून तो कसा हाताळला, याचा अभ्यास शिक्षक, अधिकारी आणि ग्रामपंचायतींचे सदस्य या सर्वांनाच उपयुक्त ठरेल असा आहे.

त्रिमितीय प्रतिरूप म्हणजे काय?

कागदावरील चित्राला लांबी आणि रुंदी असते. त्रिमितीय प्रतिरूपाला त्यांच्या जोडीला खोलीही असते. संगणकाच्या पडद्यावर तयार केलेली वस्तू सर्व बाजूंनी फिरवून पाहता येते, वरून किंवा खालून न्याहाळता येते, आवश्यक तेथे कापता येते आणि तिच्या आकारात बदल करता येतो. हे काम ज्या भूमितीवर आधारलेले आहे ती शालेय विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. ब्लेंडर उघडताच पडद्याच्या मध्यभागी एक घन दिसतो. या घनाला ८ शिरोबिंदू, १२ कडा आणि ६ पृष्ठे असतात. पृष्ठे आणि शिरोबिंदू यांची बेरीज कडांच्या संख्येपेक्षा २ ने अधिक असते, हे ऑयलरचे सूत्र शाळेतच शिकविले जाते. या घनाचे एखादे पृष्ठ बाहेर ओढले, एखादी कड विभागली, काही शिरोबिंदू जवळ आणले की त्याच घनातून टेबल, घर, यंत्राचा सुटा भाग किंवा प्राण्याचे शरीर आकाराला येऊ लागते.

प्रतिरूप तयार झाल्यावर त्याला रंग आणि पोत देण्यात येतो, प्रकाशाची योजना केली जाते, कॅमेऱ्याची जागा ठरविली जाते आणि हालचालही देता येते. या सर्वांचा हिशेब करून संगणक अखेरचे चित्र तयार करतो. चलच्चित्रे, वास्तुरचना, वस्तूंचे आरेखन, वैज्ञानिक दृश्ये आणि शैक्षणिक साहित्य अशा अनेक क्षेत्रांत या तंत्राचा उपयोग होतो. हृदयाचे झडप-कार्य किंवा ग्रहणाची स्थिती फळ्यावर समजावून सांगताना शिक्षकाला ज्या मर्यादा जाणवतात, त्या अशा प्रतिरूपाने बऱ्याच अंशी दूर होऊ शकतात.

खासगी मालकीकडून सार्वजनिक मालकीकडे

ब्लेंडरचा जन्म नेदरलँड्स या देशात झाला. टोन रोझेंडाल हे 'निओजिओ' या चलच्चित्र-निर्मिती संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होत. ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली होती. संस्थेच्या अंतर्गत कामासाठी जी आज्ञावली त्यांनी विकसित केली, तीच पुढे ब्लेंडर या नावाने ओळखली जाऊ लागली. १९९८ मध्ये रोझेंडाल यांनी 'नॉट अ नंबर' ही कंपनी काढून आज्ञावलीचा प्रसार सुरू केला. ही आज्ञावली विनामूल्य मिळत असे, परंतु तिची मूळ संहिता कंपनीच्या मालकीची होती. २००० मध्ये कंपनीला गुंतवणूकदारांकडून ४५ लाख युरोंचे भांडवल मिळाले. तथापि व्यवसायाचे गणित जमले नाही आणि २००२ च्या प्रारंभी गुंतवणूकदारांनी कंपनीचे काम थांबविण्याचा निर्णय घेतला.

हजारो कलावंतांनी ज्या साधनावर वर्षानुवर्षे हात बसविला होता, ते साधन एका व्यावसायिक निर्णयामुळे कायमचे बंद पडण्याची वेळ आली. विनामूल्य मिळणे आणि मुक्त असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वापरकर्त्यांना त्या वेळी प्रकर्षाने जाणवले. रोझेंडाल यांनी 'ब्लेंडर फाउंडेशन' ही ना-नफा संस्था स्थापन केली आणि १ लाख युरोंच्या मोबदल्यात संहिता मुक्त करण्यास गुंतवणूकदारांची संमती मिळविली. ही रक्कम उभारण्यासाठी जुलै २००२ मध्ये मोहीम सुरू झाली. जगभरातील वापरकर्त्यांच्या देणग्यांतून अवघ्या ७ आठवड्यांत रक्कम जमा झाली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडरची संहिता ग्नू जनरल पब्लिक लायसन्स या परवान्याखाली जाहीर करण्यात आली. या परवान्याचे वैशिष्ट्य असे की, बदल केलेली आज्ञावली दुसऱ्याला देताना तिची संहिताही त्याच अटींवर खुली ठेवावी लागते. त्यामुळे एकदा सार्वजनिक झालेली संहिता पुन्हा कोणा एकाच्या मालकीत जाऊ शकत नाही.

तज्ज्ञांना सोयीची, नवशिक्यांना दुर्गम

मालकीचा प्रश्न अशा रीतीने सुटला, परंतु वापराचा प्रश्न तसाच राहिला. संगणक आणि माणूस यांच्यामधील व्यवहार पडद्यावरील ज्या मांडणीतून होतो, तिला 'इंटरफेस' असे म्हणतात. पडद्यावरील चिन्हे, याद्या, चौकटी, कळफलकाच्या कळा आणि माऊसची बटणे या सर्वांचा तिच्यात समावेश होतो. सोयीसाठी तिला आज्ञावलीची दर्शनी मांडणी म्हणता येईल.

ब्लेंडरची दर्शनी मांडणी मुळात एका संस्थेतील मोजक्या कलावंतांसाठी आखलेली होती. दिवसभर तेच काम करणाऱ्या माणसाला वेग हवा असतो. म्हणून एक हात कळफलकावर आणि दुसरा माऊसवर ठेवून काम करण्याची पद्धत बसविण्यात आली. 'जी' ही कळ दाबली की वस्तू सरकते, 'आर' दाबली की फिरते आणि 'एस' दाबली की लहानमोठी होते. या कळा एकदा हातात बसल्या की यादी उघडून आज्ञा शोधण्याची गरज उरत नाही. आजही या कळा तशाच आहेत आणि जाणकार त्यांची प्रशंसा करतात.

नवशिक्याचा अनुभव मात्र वेगळा असे. इतर बहुतेक आज्ञावलींत वस्तू निवडण्यासाठी माऊसचे डावे बटण दाबतात. ब्लेंडरमध्ये त्यासाठी उजवे बटण दाबावे लागे. डावे बटण दाबले की वस्तू निवडली जाण्याऐवजी तांबड्या-पांढऱ्या वर्तुळाची एक खूण नव्या जागी जाऊन बसे. नवी वस्तू कोठे निर्माण व्हावी हे दर्शविणारी ती खूण होती, परंतु पहिल्या दिवशी हे कोणाला ठाऊक असणार? अनेक आज्ञा केवळ कळांच्या द्वारेच सहज हाती येत आणि कळा कोणत्या हे पडद्यावर ठळकपणे दिसत नसे. चित्रातील वस्तूंची विभागणी २० स्तरांत करता येई, परंतु हे स्तर म्हणजे नाव नसलेल्या २० लहान चौकटी होत्या. कोणत्या चौकटीत काय ठेवले आहे, हे ज्याचे त्याने लक्षात ठेवावयाचे. ज्याला शिकवणारा कोणी जवळ नाही, असा होतकरू विद्यार्थी पहिल्या तासाभरातच नाउमेद होण्याचा संभव होता.

पहिली दुरुस्ती : आतील रचनेची

दर्शनी मांडणी बदलणे म्हणजे केवळ चिन्हे बदलणे नव्हे. ब्लेंडरमध्ये कळा आणि चौकटी यांची व्यवस्था जुन्या संहितेत इतकी गुंतलेली होती की, एक कळ बदलावयाची तरी संहितेत हात घालावा लागे. म्हणून २.५ या क्रमांकाच्या आवृत्तिमालेत आतील रचनाच नव्याने लिहिण्याचे काम हाती घेण्यात आले. या मालेची पहिली चाचणी-आवृत्ती नोव्हेंबर २००९ मध्ये निघाली आणि स्थिर स्वरूपातील २.५७ ही आवृत्ती एप्रिल २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. दरम्यान फाउंडेशनच्या पुढाकाराने 'सिंटेल' हा लघुचित्रपट २०१० मध्ये याच अपुऱ्या अवस्थेतील आवृत्तीवर तयार करण्यात आला. कलावंत चित्रपट करीत होते, अडचणी सांगत होते आणि विकासक त्याच वेळी आज्ञावली दुरुस्त करीत होते. साधन बनविणारा आणि साधन वापरणारा यांना एका छताखाली बसविण्याची ही पद्धत ब्लेंडरच्या प्रगतीचे एक प्रमुख कारण ठरली.

या दुरुस्तीमुळे कोणती कळ कोणते काम करील हे वापरकर्त्याला स्वतः ठरविता येऊ लागले. पडद्यावरील चौकटींची मांडणी पायथन या तुलनेने सुबोध संगणकभाषेत लिहिण्यात आली. त्यामुळे मूळ संहितेला हात न लावता एखाद्या चौकटीत बटण वाढविणे किंवा कमी करणे सामान्य जाणकारालाही शक्य झाले. लोकांनी सुधारणा सुचवाव्यात अशी अपेक्षा असेल, तर सुधारणा करून पाहण्याची सोयही त्यांना उपलब्ध असावी लागते. ती सोय या टप्प्यात निर्माण झाली.

मतभेद आणि त्यांचे मोल

सोय झाली तरी एकमत झाले नाही. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील प्रशिक्षक अँड्र्यू प्राइस यांनी ध्वनिचित्रफितींच्या द्वारे दर्शनी मांडणीतील दोष सविस्तर दाखविले आणि पर्यायी रचनेचा प्रस्ताव मांडला. नवशिक्याला सर्वसाधारण आज्ञावलींचा जो सराव असतो त्याच्याशी ब्लेंडरचे वागणे जुळत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. या प्रस्तावावर ब्लेंडरच्या वापरकर्त्यांत मोठा वाद झाला.

जुन्या वापरकर्त्यांची बाजूही दुबळी नव्हती. अनेक वर्षांच्या सरावाने त्यांच्या बोटांत ज्या कळा बसल्या होत्या, त्या बदलणे म्हणजे त्यांचे कौशल्य काढून घेण्यासारखे होते. सुताराच्या हातातील रंधा एके दिवशी उलट्या बाजूने चालू लागला तर त्याच्या रोजच्या कामाचे काय होईल? शिवाय सोपेपणाच्या नावाखाली आज्ञावलीची ताकद कमी होईल, अशी रास्त भीतीही त्यांना होती. उलट पक्षाचे म्हणणे असे की, जे दारातूनच परत गेले त्यांचे मत कोणी नोंदविलेलेच नाही. जे आत आहेत त्यांच्याच मताने कारभार चालला तर बाहेरच्यांची अडचण कधीच विचारात घेतली जाणार नाही.

काहींनी निराळा मार्ग पत्करला. २०१५ मध्ये जर्मनीतून 'बीफॉरआर्टिस्ट्स' हा प्रकल्प सुरू झाला. ब्लेंडरचीच संहिता घेऊन, तिच्यातील हिशेबाची यंत्रणा कायम ठेवून, केवळ दर्शनी मांडणी अधिक सुबोध करावी हा त्याचा हेतू होता. रंगीत चिन्हे, चिन्हांच्या साधनपट्ट्या आणि कळा पाठ न करता माऊसने काम करण्याची सोय यांवर त्यात भर देण्यात आला. अशी शाखा काढण्यास कोणाचीही परवानगी घ्यावी लागली नाही, कारण परवान्यानेच तो हक्क दिलेला होता. मूळ प्रवाहात ज्यांचे म्हणणे पुरेसे मान्य होत नाही, त्यांना आपले म्हणणे प्रत्यक्ष कृतीने सिद्ध करण्याची मुभा असणे, हे मुक्त संहितेचे मोठे बलस्थान होय. मात्र या मार्गाची किंमतही असते. मूळ आज्ञावलीत दर काही महिन्यांनी होणाऱ्या सुधारणा शाखेत पुनःपुन्हा समाविष्ट कराव्या लागतात आणि हे श्रम मोजक्या स्वयंसेवकांवर पडतात.

२.८० आवृत्ती : नवशिक्यासाठी पायऱ्या

मूळ प्रकल्पातही बदलाची निकड मान्य झाली होती. २०१८ च्या एप्रिल ते जून या काळात 'कोड क्वेस्ट' या नावाने एक उपक्रम ॲमस्टरडॅम येथे घेण्यात आला. निरनिराळ्या देशांत राहून काम करणारे विकासक त्यासाठी तीन महिने एकत्र बसले. त्यानंतर दीर्घकाळ चाचण्या झाल्या. अपूर्ण आवृत्तीही कोणालाही वापरून पाहता येत होती आणि दोष कळविता येत होते. ३० जुलै २०१९ रोजी ब्लेंडर २.८० ही आवृत्ती प्रसिद्ध करण्यात आली.

या आवृत्तीत वस्तू निवडण्यासाठी डावे बटण हा प्रथमनिवड पर्याय झाला. पडद्याच्या डाव्या बाजूस चिन्हांची साधनपट्टी आली. साधन निवडले की ते हातात घेतल्याप्रमाणे कायम राहते आणि वस्तूभोवती दिसणारे बाण किंवा वर्तुळे ओढून काम करता येते. पडद्याच्या कोपऱ्यात दिशादर्शक खूण देण्यात आली. ती माऊसने फिरविली की दृश्य फिरते. प्रतिरूप घडविणे, रंगकाम, हालचाल इत्यादी कामांसाठी वेगवेगळ्या कार्यमांडण्या पडद्याच्या वरच्या बाजूस नावानिशी लावण्यात आल्या. निनावी २० स्तरांची जागा नावे देता येतील अशा संग्रहांनी घेतली. पडद्याच्या तळाशी एक पट्टी आली, जी त्या क्षणी माऊसच्या कोणत्या बटणाने काय होईल हे सांगते. नवी फाइल उघडताना द्विमितीय चलच्चित्र, शिल्पकाम, चित्रफितींचे संपादन अशा कामानुरूप मांडण्यांतून निवड करता येऊ लागली.

या बदलांत जुन्या वापरकर्त्यांचा विसर पडू दिला नाही, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. आज्ञावली प्रथम सुरू करतानाच डाव्या बटणाने निवड हवी की उजव्या, असे विचारण्यात येते. जुन्या आवृत्तीतील कळांची व्यवस्था पर्याय म्हणून जपण्यात आली. इतर आज्ञावलींचा सराव असलेल्यांसाठी त्या धर्तीची तिसरी व्यवस्थाही देण्यात आली. बदल कोणावर लादण्यात आला नाही. नव्याने येणाऱ्याला जे सोयीचे ते प्रथम समोर ठेवावे आणि अनुभवी माणसाला त्याचे जुने साधन मागून घेता यावे, असा समतोल साधण्यात आला.

तथापि सर्वांचीच सोय झाली, असे म्हणता येणार नाही. जुन्या आवृत्तीसाठी स्वयंसेवकांनी तयार केलेल्या अनेक पूरक आज्ञावली नव्याने लिहाव्या लागल्या. जुन्या पडद्यावर बेतलेले धडे आणि पुस्तके एकाएकी कालबाह्य झाली. शिवाय २.८० आवृत्तीला चित्रनिर्मितीसाठी 'ओपनजीएल ३.३' या मानकाला अनुसरणारी यंत्रसामग्री आवश्यक ठरली. ज्यांचे संगणक जुने होते त्यांना सोपी झालेली आवृत्ती उघडताच येईना. त्यानंतरच्या आवृत्त्यांत ही अपेक्षा आणखी वाढली आहे. पडद्यावरील पायरी सोपी झाली, परंतु काहींच्या दृष्टीने यंत्राची पायरी उंच झाली. जुन्या संगणकांवर भागविणाऱ्या शाळांनी या बाबीचा विचार अवश्य केला पाहिजे.

लोकसहभागाची कार्यपद्धती

अशा कामात लोकसहभाग म्हणजे प्रत्येकाने संहिता लिहिणे नव्हे. ज्याला संगणकभाषा येत नाही त्यालाही करण्यासारखे पुष्कळ असते. त्यांपैकी सर्वांत मोलाचे काम म्हणजे दोषाची नीट नोंद. 'आज्ञावली चालत नाही' एवढ्याच तक्रारीचा उपयोग होत नाही. कोणती आवृत्ती होती, यंत्र कोणते होते, कोणत्या क्रमाने काय केले, काय घडणे अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय घडले, हे सांगितले तर विकासकाला तोच दोष आपल्या पडद्यावर पुन्हा घडवून पाहता येतो. जो दोष पुन्हा घडवता येतो तोच दूर करता येतो. याशिवाय कोणी नव्या रचनेची रेखाटने करतो, कोणी माहितीपुस्तिका लिहितो, कोणी पडद्यावरील शब्दांचे आपल्या भाषेत भाषांतर करतो, तर कोणी नवी आवृत्ती तपासून पाहतो.

सूचना सर्वांच्या ऐकल्या जातात, परंतु सर्वच स्वीकारल्या जात नाहीत. कामाचे विभाग पाडलेले असतात आणि प्रत्येक विभागाची जबाबदारी ठरावीक जाणकारांकडे असते. संहितेतील बदल समाविष्ट होण्यापूर्वी दुसऱ्या जाणकाराकडून तपासला जातो. मागणी कोणी मोठ्या आवाजात केली यापेक्षा तिच्यामागील कारण काय आणि तिचा इतर भागांवर परिणाम काय होईल, याला महत्त्व दिले जाते. चर्चा आणि निर्णयामागील कारणे खुली असल्यामुळे ज्याची सूचना नाकारली गेली त्यालाही ती का नाकारली गेली हे कळू शकते.

कामाला पैसाही लागतो. स्वयंसेवकांच्या जोडीला पूर्ण वेळ काम करणारे विकासक नेमण्यासाठी फाउंडेशनने विकास-निधी उभारला आहे. त्यात व्यक्तींच्या लहान वर्गण्या असतात आणि कंपन्यांचे मोठे साहाय्यही असते. जुलै २०१९ मध्ये 'एपिक गेम्स' या कंपनीने १२ लाख डॉलर्सचे अनुदान जाहीर केले. मदत कोणाचीही असली तरी निर्माण होणारी संहिता सर्वांचीच राहते, कारण परवाना तोच आहे.

प्रयत्नांचे फलित

२ मार्च २०२५ रोजी झालेल्या ९७ व्या ऑस्कर पुरस्कार समारंभात 'फ्लो' या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चलच्चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. लाटव्हिया या लहानशा देशातील दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांचा हा चित्रपट ब्लेंडरमध्ये तयार झाला. त्याची दृश्ये 'ईव्ही' या चित्रनिर्मिती-यंत्रणेवर साकारली असून ही यंत्रणा २.८० या आवृत्तीतच प्रथम समाविष्ट झाली होती. या यशाचे श्रेय अर्थातच कलावंतांच्या प्रतिभेचे आणि परिश्रमाचे आहे. परंतु मोठ्या कंपन्यांचे आर्थिक बळ पाठीशी नसतानाही उत्तम कलाकृती निर्माण होऊ शकते, याची साक्ष त्यातून मिळते.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रातील शाळा, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि कलामहाविद्यालये यांच्या दृष्टीने या प्रयोगाचे महत्त्व उघड आहे. मुक्त आज्ञावली कितीही संगणकांवर बसविता येते आणि विद्यार्थ्याला तीच घरी नेता येते. परंतु केवळ आज्ञावली बसविली म्हणजे काम संपले, असे मानणे योग्य होणार नाही. शिकण्याची पायरीही तेथे असली पाहिजे. मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाने मुक्त आज्ञावलींसाठी लहान लहान ध्वनिचित्रपाठ तयार केले असून त्यांच्या विषयांत ब्लेंडरचाही समावेश आहे. पाठांचे निवेदन भारतीय भाषांत उपलब्ध करून देणे हा या प्रकल्पाचा एक महत्त्वाचा भाग आहे. शिक्षकाने असे पाठ निवडताना ते कोणत्या आवृत्तीवर आधारलेले आहेत हे प्रथम पाहावे. अन्यथा पाठातील पडदा आणि विद्यार्थ्यापुढील पडदा यांचा मेळ बसणार नाही.

भाषेचा प्रश्नही दर्शनी मांडणीचाच एक भाग आहे. शिरोबिंदू, कड, पृष्ठ हे शब्द मराठी विद्यार्थ्याला भूमितीच्या तासाला भेटलेले असतात. पडद्यावरील परकी संज्ञा म्हणजे तीच ओळखीची वस्तू आहे, एवढे शिक्षकाने सांगितले तरी विद्यार्थ्याच्या मनावरील अर्धे दडपण दूर होईल. कोणत्या ठिकाणी विद्यार्थी अडतात याची साधी नोंदवही वर्गात ठेवली, तर पुढील वर्षीच्या तुकडीसाठी तीच उत्तम मार्गदर्शिका होईल. अशा नोंदी नीट क्रमाने लिहून विकासकांकडे पाठविल्या, तर एखाद्या तालुक्याच्या शाळेतील अडचणही जगभरच्या आज्ञावलीत दुरुस्त होऊ शकते.

ब्लेंडरच्या वाटचालीतून सार्वजनिक कामासाठी आणखी एक कसोटी हाती येते. योजना, अर्ज, कार्यालय किंवा संगणकीय सेवा कोणतीही असो, ती सर्वांसाठी खुली आहे एवढ्याने ती सर्वांची होत नाही. पहिल्यांदाच येणाऱ्या माणसाला कोणाच्या मदतीशिवाय पहिली पायरी सापडते काय, हे तपासावे लागते. जो अडून परत गेला त्याची अडचण विचारावी लागते. आणि जुन्या माणसांची सोय न मोडता नव्यांसाठी वाट काढावी लागते. ब्लेंडरच्या बाबतीत संहिता मुक्त करण्यासाठीची रक्कम उभी राहण्यास ७ आठवडे लागले. तिची वाट सोपी होण्यास पुढची जवळजवळ १७ वर्षे जावी लागली. यातील दुसरे काम पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे, ही जाणीव प्रारंभापासून ठेवली, तर सार्वजनिक साधनांचा लाभ खऱ्या अर्थाने सर्वांपर्यंत पोहोचू शकेल.